शनिवारची डिस्क

मूर्तिजापूरला निम्मी बस रिकामी झाली, तरी बिल्कीस बसली नाही. बडनेऱ्यापासून ती ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभी होती.

"बाई, बसा ना. जागा हाय तं," कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ती कशीबशी टेकली आणि बोरगाव मंजूच्या आधीच पुन्हा उठून दाराशी आली.

जून संपत आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. वखरून ठेवलेली काळी शेतं तशीच पडून होती. बसमधली माणसं त्याचंच बोलत होती. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या बसमध्ये दुसरं बोलणंच नसे. कोण गेला, कोणत्या गावाला पेपरवाले येऊन गेले, बियाणं मातीत टाकावं की थांबावं. बिल्कीसच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. तिच्या हातातला फोन वाजला. सकाळपासूनचा तिसरा.

"पोचलात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्धा घंटा आणखी, सर."

"सांभाळून आणा. तेवढंच राहिलंय आता आपल्याजवळ."

ती जे आणायला निघाली होती ते तळहाताएवढं होतं. एक हार्ड डिस्क. अकोल्यातल्या एका लोखंडी कपाटात ती ठेवलेली होती.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, अमरावतीतलं सिकलसेल तपासणी केंद्र जळालं. फ्रीजच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं म्हणतात. शेजारच्यांनी धूर पाहिला तोवर छताच्या सिलिंगने पेट घेतला होता. केंद्र तीन खोल्यांचंच. डॉक्टर भगवंतराव काळमेघ सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले आणि एका ट्रस्टच्या आधाराने त्यांनी ते सुरू केलं. मेळघाटात आणि खालच्या गावांत फिरून बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि सिकलसेल आहे की नाही ते पाहायचं. आजार आईबापाच्या रक्तातून लेकराला येणारा. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, मूल अशक्त होत जातं. आई आणि बाप दोघांत तो लपलेला असला, तरच मुलात पुरा उतरतो. म्हणून कोणाच्या रक्तात काय आहे याची नोंद महत्त्वाची. उद्या सोयरीक जुळवताना, पुढचं मूल होऊ देताना तीच कामी येणार. सहा वर्षांत सदतीस हजार माणसांची नोंद झाली होती.

त्यातली बहुतेक बिल्कीसने एकटीने कॉम्प्युटरवर चढवली होती. वय चव्वेचाळीस. आधी कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. डॉक्टरांनी टायपिंगवरचा तिचा हात पाहिला आणि केंद्रात बोलावून घेतलं. तिथे आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला एक गोष्ट पक्की सांगितली होती, "बाई, एका छपराखाली चार प्रती ठेवल्या, तरी ती एकच प्रत समजा."

म्हणून तीन डिस्क होत्या. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळी माहिती एका डिस्कवर उतरवायची. शनिवारी सकाळच्या बसने ती अकोल्याला न्यायची. तिथे ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथल्या रेक्टर दुर्गाबाईंच्या खोलीतल्या कपाटात नवी डिस्क ठेवायची, तिथली जुनी घेऊन परत यायचं. एक अकोल्यात, दोन अमरावतीत, पाळीपाळीने. ओळखू याव्यात म्हणून बिल्कीसने उरलेल्या कापडांच्या तीन खोळी शिवल्या होत्या. लाल, हिरवी, पिवळी. बसमध्ये कोणी विचारलं तर ती "दवाई हाय" म्हणायची. फोनमुळे डिस्क बिघडते असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती फोन वेगळ्या पिशवीत ठेवायची. चार वर्षं झाली. बंद असला तरी, रस्ता रोको असला तरी, एकदा तर अंगात ताप असतानाही ती गेली. केंद्रातला देवमन हसायचा, "बाई निघाल्या डबी घेऊन."

आणि परवाच्या शनिवारी ती गेली नव्हती.

कारण सांगण्यासारखंही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी नांदगाव खंडेश्वरहून भावाने पोतंभर कैऱ्या पाठवल्या. तोडलेली कैरी कोणासाठी थांबत नाही. दोन दिवस गेले की नरमते, मग लोणचं गळतं. नवरा शाहनवाज नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत फिटर. त्याची दिवसपाळी होती. लेक नगमाचे पेपर चालू होते. बिल्कीसने विचार केला, सोमवारी जाऊ. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतं? लाल खोळीतली डिस्क तिने टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि घरी येऊन अडकित्ता काढला.

त्या डिस्कवर सेमाडोह होतं. आठवडाभर आधी सेमाडोहला शिबिर झालं होतं. दोनशे चौदा माणसं. गुरुवारी केंद्रातल्याच तपासणीचे निकाल हाती आले, शुक्रवारी दिवसभर बसून बिल्कीसने ते चढवले. गावाला अजून काही कळवलेलं नव्हतं. रविवारी कॉम्प्युटर गेला, लाल डिस्क गेली, पिवळी गेली, कागदी फॉर्म गेले, रक्ताचे नमुने गेले. अकोल्याच्या कपाटात होती ती हिरवी. त्याच्या आधीच्या शुक्रवारची.

हे अमरावतीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुर्गाबाई वसतिगृहाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. बिल्कीसला पाहून हातातलं सूप बाजूला ठेवून उठल्या.

"कोनाले काई झालं नाई ना वं?"

"नाई. रविवार होता. कोनी नव्हतं."

दुर्गाबाईंनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, हिरवी खोळ तिच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "परवा मी तुयी वाट पाह्यली. बारा वाजेपर्यंत जेवली नाई. आली काहून नाई?"

बिल्कीसने डिस्क पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा ठेवली. दुर्गाबाई बघत राहिल्या. तीस वर्षं पोरींना सांभाळलेली बाई. न सांगितलेलं त्यांना लवकर कळायचं.

"म्हंजे परवाची जी आणायची होती, थे..."

"जळली."

दुर्गाबाईंनी कपाटाचं दार लोटलं. "मले कोनी इचारलं तं मी म्हणीन, आली होती. मानूस हाय, एखांद्या टायमाले राहून जाते. इतक्या वर्षात एक खेप."

"असं नोका सांगू, बाई."

"मंग काय सांगू?"

बिल्कीस पाणी न पिताच निघाली.

डॉक्टरांच्या घरी एका ओळखीच्याचा कॉम्प्युटर मागून आणला होता. देवमनच्या हातांना अजून राखेचा वास येत होता. बिल्कीसने वायर जोडली. डिस्क आत घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. पडद्यावर याद्या उघडल्या. धारणी, चिखलदरा, अचलपूर, गावामागून गाव, नावामागून नाव. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"बाई," ते म्हणाले, "सहा वर्षं वाचवली तुम्ही."

"आन मी येडा हासत होतो बाईले," देवमन म्हणाला.

डॉक्टरांनी यादी शेवटपर्यंत नेली. "सेमाडोह यात नाही. तुमचं चढवायचंच राहिलं होतं ना अजून?"

"हं," बिल्कीस म्हणाली.

"मग काय करता. नशीब. बाकी तरी वाचलं."

तेवढंच. एक अक्षर. पण घरी येताना ते तिच्यामागे चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत आलं.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती भाजी चिरता चिरता उठायची, बाहेर जाऊन फाटक लावलंय का बघायची, परत येऊन कशासाठी उठले ते विसरायची. मंगळवारी तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला बसली. स्वतःच्या बोटांनी चढवलेली नावं, आठवली पाहिजेत. बेठेकरांकडचे सात. जांभेकरांची म्हातारी, जिच्या बोटातून रक्तच येईना. मावसकरांचा जावई. बुधवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस झाली. त्यापुढे सरकेना.

आणि एक घर तिला झोपेतून उठवल्यासारखं दर थोड्या वेळाने आठवायचं. कासदेकर. आई चंदा, दोन मुली, बसंती आणि सुंदी. एकीला नऊ वर्षं, दुसरीला सात. एकीच्या रक्तात काहीच नव्हतं. दुसरीच्या रक्तात आजार पुरा उतरला होता. शुक्रवारी नोंद चढवताना बिल्कीस त्या ओळीवर थांबली होती, 'या अल्लाह' म्हणाली होती, हे तिला लख्ख आठवत होतं. कोणती मुलगी, ते आठवत नव्हतं. नऊ वर्षांची की सात? ती डोळे मिटून पडदा आठवायची. एकदा बसंतीपुढे निकाल दिसायचा, एकदा सुंदीपुढे.

गुरुवारी निरोप आला. ट्रस्टची सभा रविवारी. त्यात बिल्कीसबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

त्या दिवशी शाहनवाज जेवायला बसला होता. ती वाढता वाढता थांबली.

"चार रोज से तू कुछ ढूंढ री," तो म्हणाला. "क्या गुमा?"

तिने सांगितलं. सगळं, कैऱ्यांपासून त्या 'हं'पर्यंत. तो जेवायचा थांबला नाही, पण सावकाश जेवायला लागला.

"आग तूने नहीं लगाई," तो म्हणाला.

"आग का कौन बोल रा?"

"तो बोल दे डॉक्टर साब को. शाल लेने के बाद बोलेगी तो शाल और भारी होगी." मग थोडं थांबून म्हणाला, "नौकरी गई तो गई. टाइपिंग तो आती ना तुझे."

शुक्रवारी सकाळी ती डॉक्टरांच्या घरी गेली. ते झाडांना पाणी घालत होते. तिने उभ्यानेच सांगितलं, कासदेकरांच्या दोन मुलींपर्यंत सगळं. त्यांच्या हातातल्या झारीतून पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, बाहेर वाहायला लागलं.

"चढवलं होतं?"

"हो सर. पूरं. शुक्रवारी सहा वाजता डिस्कवर उतरवलं."

"आणि शनिवारी काहून नाही गेलात?"

"कैऱ्या आल्या होत्या," ती म्हणाली. आजारपण, मयत, काहीतरी मोठं कारण असतं तर बरं, असं तिला त्या क्षणी वाटलं. पण होतं ते एवढंच होतं.

डॉक्टरांनी झारी खाली ठेवली. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"सोमवारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी लय खुश होते, सर."

"खुश!" ते म्हणाले आणि वळून कुंडीकडे बघायला लागले. "त्या दोन पोरींतली कोणती, ते सांगा मले."

"तेच आठवत नाई."

रविवारी सभा झाली. शाल आणलेली होती, ती पिशवीतच राहिली. ट्रस्टचे पंजाबराव, मोठे बागाईतदार, शब्दांचे फटकळ. ते म्हणाले, "चूक कबूल केली, तं नोकरी राहू द्या. पण डिस्कचं काम बाईकडून काढा. भरोसा एकदा तुटला का तुटला." कोणी विरोध केला नाही. डॉक्टरांनीही नाही. शनिवारची खेप देवमनकडे गेली. बिल्कीसने त्याला खोळी, कपाटाची रीत, बसची वेळ सगळं समजावून दिलं. देवमनचे डोळे खाली होते. फोन वेगळ्या पिशवीत ठेवायचं सांगितल्यावर तो म्हणाला, "त्यानं काई होत नाई, बाई." ती म्हणाली, "मालूम हाय. तरी ठेवजो."

मग तिने डॉक्टरांना एकच मागितलं. सेमाडोहच्या दुसऱ्या शिबिराला मला न्या.

शिबिरात ती आजवर कधी गेली नव्हती. तिचं काम खुर्चीतलं. गावं तिला पडद्यावरच्या ओळींतून माहीत. जुलैच्या मध्यावर परतवाड्यावरून घाट चढताना पाऊस लागला, खाली नसलेला, जंगलात मात्र टिपटिपणारा. सेमाडोहला शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. माणसं जमली, पण रांग लागेना. गावचा म्हातारा पटेल पुढे आला.

"पिछला खून दिया ना हमने. वो किधर गया?"

देवमनने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बोलायला गेले, तेवढ्यात बिल्कीस टेबलामागून बाहेर आली.

"जल गया, दादा. दफ्तर में आग लगी. एक कापी मेरे पास थी. उसको अकोला पहुंचाना मेरा काम था. मैं नहीं गई. इसके लिए जल गया."

कोणी तरी कोरकूत तिचं बोलणं मागच्यांना सांगितलं. कुजबुज झाली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. शहरातून आलेलं माणूस 'मी नाही गेलो' असं म्हणतं, हे त्याने ऐकलं नसावं. मग तो टेबलाजवळच्या स्टुलावर बसला आणि हात पुढे केला. "लो," म्हणाला. "बूढ़े का खून पहले लो. बाद में कम पड़ेगा."

लोक हसले. रांग लागली.

दिवस मावळेपर्यंत एकशे एक्क्याण्णव झाले. तेवीस मिळाले नाहीत. पाऊस नाही म्हणून पेरणीचं काम नाही, म्हणून कोणी सुरतेकडे गेलं, कोणी अकोल्याच्या बाजूला बांधकामावर. कुठे, ते घरच्यांनाही धड सांगता येईना. बिल्कीस प्रत्येक घरी स्वतः जाऊन विचारून आली. मावसकरांचा जावई त्यांतच होता. चंदा कासदेकर मात्र होती, दोन्ही मुलींना घेऊन आली होती. बिल्कीसने दोघींकडे निरखून पाहिलं. मोठी बारीक होती, डोळ्यांत पिवळसर झाक. पण धाकटीही बारीकच होती. डोळ्यांनी काही ठरेना.

"ये बड़ी वाली बहुत नाटक करती," चंदा म्हणाली. "पांव दुखता, हाथ दुखता. काम बोला कि दुखता."

सुई टोचली तेव्हा मुलीने हातही मागे घेतला नाही.

निकाल आठ दिवसांनी आले. कार्डं बनवायची होती. नीट असलेल्याला पांढरं, आजार लपून असलेल्याला पिवळं, पुरा आजार असलेल्याला लाल. बिल्कीसने ती स्वतः लिहिली आणि कार्डं टपालाने किंवा आरोग्यसेविकेच्या हाती पाठवू नका, मी नेते, म्हणाली. रजा टाकून गेली. सकाळी सहाची बस, परतवाड्याला बदल, पोचेपर्यंत दुपार.

तिने घरोघर कार्डं दिली, प्रत्येकाला समजावलं. न भेटलेल्यांचे तेवीस कोरे कागद तिने वेगळ्या पाकिटात घातले होते, वर नुसतं नाव लिहून. त्या माणसांच्या घरी ते दिले आणि म्हणाली, आले की अमरावतीला पाठवा, कधीही. काहींनी कागद उलटसुलट करून पाहिला. नावापलीकडे त्यावर काहीच नव्हतं.

चंदाचं घर शेवटी होतं, नाल्याच्या बाजूला. चंदा दारात बसून बांबू सोलत होती. धाकटी बाजूला होती. बिल्कीस चंदाजवळ जमिनीवरच बसली. आधी धाकटीचं पांढरं कार्ड दिलं. मग दुसरं.

चंदाला वाचता येत नव्हतं. पण रंग तिला कळला. गावात आणखी दोन घरी लाल कार्डं गेली होती आणि बातमी बिल्कीसच्या आधी पोचली होती.

"कौन सी?" तिने विचारलं.

"बसंती. बड़ी वाली."

"फिर से बोलो."

"बसंती."

बिल्कीसने सगळं सांगितलं. गोळ्या कोणत्या, पाणी भरपूर पाजायचं, थंडीत भिजू द्यायचं नाही, ताप आला तर थांबायचं नाही, जड काम लावायचं नाही. आणि दुखतं म्हणाली तर ते खरंच दुखत असतं. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं. चंदा ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिच्या हातातली बांबूची ओली कामटी तशीच राहिली होती.

मग बिल्कीस म्हणाली, "ये मुझे एक महीना पहले बताना था."

चंदा समोर बघत होती. नाल्याच्या वाटेने बसंती येत होती, डोक्यावर पाण्याने भरलेली गुंडी. दर चार-पाच पावलांवर ती थांबायची, एक पाय उचलून धरायची, मग पुन्हा चालायची. चंदा उठली. कार्ड तिने कमरेला खोचलं. ती वाटेने खाली गेली, पोरीसमोर उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरची गुंडी काढून आपल्या डोक्यावर ठेवली. मुलीचे हात तसेच वर राहिले होते, रिकामे. आईने ते धरून खाली आणले.

मग दोघी घराकडे चालायला लागल्या. चंदा पोरीच्या पावलाने चालत होती.